आचारी पळाला तो हिवाळा

मुंबईला थंडी नसतेच, असं आमची पुण्याची नातलग मंडळी ठासून सांगतात. त्यांनी कांदिवली पूर्वेची डिसेंबरातली सकाळ पाहिलेली नाही. जंगलाच्या अंगाने एक झुळूक येते, अगदी हलकी. रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळतात, दुधाच्या केंद्रावरच्या बाया पदर डोक्यावरून घेतात आणि आमच्या शाळेचा रखवालदार पाचोळा गोळा करून पेटवतो. त्या धुराचा वास आला की आजही माझा हात आपोआप गळ्याशी जातो. स्कार्फ नीट बसलाय ना, ते बघायला.

यंदाही झुळूक आली. सवयीने शाळेत लवकर पोचले. मैदानात गाड्या लागल्या होत्या. शनिवारचा गाईडचा तास यंदा जूनपासून वेळापत्रकातून गेला. त्या जागी मुलं संगणकासमोर बसतात. जिन्याखालच्या कपाटात आमचे तंबू, दोर आणि काठ्या आहेत. कपाटाची किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे, कारण ती परत करा असंही कोणी म्हटलं नाही. काढून घेण्यासारखं काही उरलंच नसेल तर कोण कशाला म्हणेल!

मी या मराठी शाळेत तीसेक वर्षं शिकवतेय आणि जवळजवळ तेवढीच वर्षं गाईड कॅप्टन होते. मुलगे स्काऊट, मुली गाईड. आकाशी गणवेश, स्कार्फ, शिट्टी, दोराच्या गाठी, प्रथमोपचार, आणि हिवाळ्यात कॅम्प. हे सगळं माझ्या पिढीला समजावून सांगावं लागत नसे. आता पालकसभेत सांगते तेव्हा एखादी तरुण आई मोबाईलवरून नजर वर करून विचारते, "बाई, याचे मार्क धरतात का?"

मी स्वतः गाईड होते ती याच उपनगरात, याच माध्यमाच्या दुसऱ्या एका शाळेत. आमच्या कॅप्टन देसाई बाई. उंच, काळ्यासावळ्या, नाकात मोती आणि आवाज असा की पोयसरच्या नदीपलीकडे ऐकू जावा. त्यांच्या लहानपणी गाईड म्हणजे जत्रेत पाणी वाटणं, हरवलेली पोरं आयांपाशी पोचवणं. बाई सांगायच्या, "आम्हांला बॅज-बिज कोण देतंय गं? एक म्हातारी पाठीवर हात फिरवायची, तोच बॅज." आम्हांला मात्र बॅज हवेच असायचे. बाहीवर ते शिवून घेतले की चाळीत चार जणी वळून बघत.

बाईंची तपासणी हा मोठा प्रकार असे. रांगेत उभं करून एकेकीचे हात उलटेपालटे करून बघायच्या. नखं, कान, वेणी, गुंड्या. आम्हांला वाटायचं, स्वच्छता बघतायत. मी स्वतः कॅप्टन झाले तेव्हा कुठे कळलं, की नखं बघता बघता मनगट बारीक झालंय का ते दिसतं. वेणी बघता बघता डोळे सुजलेत का ते दिसतं. मुलगी घरी काय बोलत नाही, तेही रांगेत दिसतं. फक्त समोर उभं राहून, दर आठवड्याला, एकेकीला बघावं लागतं.

माझं काय दिसलं असेल बाईंना? तो हिवाळा मला स्पष्ट आठवतो.

माझे वडील, आप्पा, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मूळचे मालवणकडचे. खोली परवडते म्हणून आम्ही कांदिवलीला राहायचो. त्या वर्षी गिरणी बंद होती. सुरुवातीला आप्पा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे, कामगार जमायचे, घोषणा द्यायचे, परत यायचे. मग डबा बंद झाला. मग जाणंही. दिवाळीनंतर आप्पा घरात बसले ते खाटेच्या एकाच कोपऱ्यात. आई चार घरी पोळ्या करायला जाऊ लागली. ती बाहेर पडताना आप्पा भिंतीकडे तोंड करत. गिरणीतला माणूस मोठ्याने बोलतो, साच्यांच्या आवाजात राहून त्याला तशीच सवय लागते. आमचं घर तर आप्पांच्या बोलण्याने दणाणायचं. ते घर इतकं गप्प झालं की शेजारच्या खोलीतला स्टोव्ह ऐकू यायचा. मला वाटायचं, आप्पा माझ्यावर रागावलेत. तेराव्या वर्षी सगळं आपल्यामुळेच होतं असं वाटतं.

आणि त्यातच आमचा कॅम्प आला. आरे कॉलनीत.

तेव्हाची आरे! गोरेगावहून बस आत शिरली की हवाच बदलायची. गवताचा, शेणाचा, कोमट दुधाचा वास. तबेल्यांतून म्हशींचं हंबरणं. झाडांच्या मधून सकाळी धुकं असं सरकायचं की पुढची मुलगी दिसेनाशी व्हायची आणि आम्ही एकमेकींचे स्कार्फ धरून चालायचो. पाड्यावरच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन जाताना आमच्या गणवेशाकडे बघून हसायच्या. तंबू आम्हीच ठोकायचो, वाकडे. पहिल्या दिवशी एक तरी तंबू कुणाच्या तरी डोक्यावर बसायचाच.

पहिल्या दिवशी दुपारी तंबू उभारून झाले होते. रस्त्याकडून एक माणूस येताना दिसला. मळका लेंगा, खांद्यावर टॉवेल. जवळ आला तेव्हा मी हातातली काठी खाली टाकली. आप्पा होते. मला वाटलं घरी काहीतरी झालंय, आई गेली, काहीतरी. मी धावले. आप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमचो आचारी पळालो मां? बाईन बोलावलान माका."

देसाई बाई पुढे आल्या. "या मालवणकर. वाट लागलीय आमची. चूल कुठे घालायची ते बघा आधी. या पोरींना काही म्हणजे काही येत नाही."

आप्पांनी लेंगा खोचला. वाऱ्याची दिशा बघितली, कुदळ मागितली आणि चर खणायला लागले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. दोन महिने खाटेवरून न उठलेला माणूस होता तो.

त्या कॅम्पचं जेवण मी जन्मभर विसरणार नाही. आप्पांनी कुळथाची पिठी केली. सदाशिव पेठेतून आलेल्या आमच्या वर्गातल्या एकीने नाक मुरडलं, मग तिनेच दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. आप्पा ओरडले, "अगो, भात संपयतंस काय सगळो? मागच्यांनी काय दगड खावचे?" सगळ्या पोरी हसल्या. तो आवाज! गिरणीतला आवाज परत आला होता. मी भांडी घासायच्या निमित्ताने झाडामागे गेले आणि खूप रडले. कशासाठी, ते तेव्हा कळलं नव्हतं.

कॅम्पनंतर बाईंनी त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनाला स्वयंपाकाला बोलावलं. मग एका लग्नात. पुढे आप्पा कांदिवलीच्या एका कॅन्टीनमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गिरणी परत सुरू झालीच नाही.

मी कॅप्टन झाले तेव्हा आरेमध्ये कॅम्प भरत होते अजून, पण पाल ठोकायला परवानगी मिळवताना माझे जोडे झिजायचे. माझी लेक मृण्मयी गाईडमध्ये होती तोवर बिबट्याची भीती वाढली होती. पालक म्हणाले, बाई, उघड्यावर नको. बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही मुलुंडला एका शाळेच्या सभागृहात कॅम्प भरवू लागलो. फरशीवर सतरंज्या, वर पंखे, चुलीऐवजी गॅस. मुली गाठी शिकायच्या त्या बाकांच्या पायांना. शेकोटी म्हणजे लाल कागद लावलेला दिवा, त्याभोवती बसून गाणी. मृण्मयी अजूनही त्या दिव्याची नक्कल करून हसते. पण ती गाणी तिला पाठ आहेत, आणि बीकेसीतल्या तिच्या कचेरीत कुणाला भोवळ आली तेव्हा काय करायचं ते एकट्या तिलाच माहीत होतं.

त्यानंतरची गोष्ट मला सांगवत नाही. आमच्या संस्थेच्या इंग्रजी माध्यमाने एका कंपनीकडे कॅम्प दिला. मला देखरेखीला पाठवलं होतं एकदा. रिसॉर्ट होतं. गेटवर मनगटाला रंगीत पट्टा बांधला. कानाला माईक लावलेला एक तरुण सारखा ओरडत होता, "आर यू हॅविंग फन?" मुलांना पट्ट्यात अडकवून तारेवरून इकडून तिकडे सोडत होते. गाठ मुलांनी मारायची नव्हती, कारण विम्यात बसत नव्हतं. जेवण काचेच्या झाकणाखाली तयार. संध्याकाळी सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र. मुलं आनंदात होती, हे मी खोटं सांगणार नाही. पण त्या माईकवाल्याला एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. तो सगळ्यांना 'चॅम्प' म्हणत होता. परतीच्या बसमध्ये एक मुलगा खिडकीला डोकं टेकून गप्प बसला होता. त्याच्याजवळ बसले तर म्हणाला, "मिस, मला उलटी होतेय सकाळपासून." सकाळपासून! इतक्या मोठ्या माणसांच्या हातून त्याचं मनगट गेलं होतं, पट्टा बांधताना.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. आमच्या वेळी विंचू चावला तर देवाचं नाव घ्यायचं, एवढाच उपाय होता. मुलींच्या तंबूजवळून कोण येतंय-जातंय याचा कुणी विचार करत नसे आणि काही ठिकाणी त्याची किंमत मुलींनी मोजली, हेही मला माहीत आहे. नियम उगाच आले नाहीत. पण नियमांच्या मागून जे हळूहळू आत आलं, ते दुसरंच काही आहे. आता कुणी कुणाला बघत नाही. तपासणीसुद्धा फोटो काढून ग्रुपवर पाठवायची. फोटोत नखं दिसतात. बाकी काही दिसत नाही.

मागचा डिसेंबर माझा कॅप्टन म्हणून शेवटचा ठरला. पथकात जेमतेम एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मुली उरल्या होत्या. त्यांची नायिका सानिका. नववीतली. किडकिडीत, चष्मेवाली, हजरजबाबी. तिच्यासारखी शिट्टी मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. मी हेका धरला होता, की काहीही होवो, एक कॅम्प करायचाच. शाळेच्या मैदानात तर मैदानात. एक दिवसाचा तर एक दिवसाचा.

आणि सानिका यायची थांबली. आधी शनिवारी, मग शाळेतही मधूनमधून. मी मेसेज केला. उत्तर आलं, 'बाई क्लास आहे'. दुसऱ्यांदा केला, तेच उत्तर. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, क्लास कुठला? तिने क्लास तर सोडला ना. तिच्या बाबांचं ऑफिस बंद झालं."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पुनर्वसनाची इमारत, अंधारा पॅसेज, दारांसमोर चपलांचे ढीग. दार सानिकाने उघडलं आणि मला बघून ती बाजूला झालीच नाही. क्षणभर दारातच उभी राहिली. मग आत घेतलं. आई मॉलमधल्या दुकानात नोकरीला, ती यायची होती. वडील रवींद्र खिडकीच्या ग्रीलपाशी खुर्चीवर बसलेले. दाढी वाढलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट. कुरिअर कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीने इथला व्यवहारच गुंडाळला होता.

त्यांना बघितलं आणि मला खाटेचा तो कोपरा दिसला. मी काही विचारच केला नाही. म्हटलं, "रवींद्र, आमचा कॅम्प आहे. स्वयंपाकाला माणूस नाही. तुम्ही याल का? मुली मदत करतील."

ते माझ्याकडे बघत राहिले. आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "बाई, माझ्या हाताखाली माणसं होती. पोरीच्या मैत्रिणींना वाढायला उभं राहू मी?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. तुमचा हेतू चांगला आहे, कळतं मला. पण नको."

सानिका ओट्याशी पाठ करून उभी होती. पाण्याचा ग्लास माझ्या हातात देताना तिने नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनीही तेच दार बंद केलं, दुसऱ्या बाजूने. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान, स्वभावाने सरळ. म्हणाल्या, "बाई, मुलींच्या कॅम्पला बाहेरचा पुरुष? पोलिसांकडून पडताळणी हवी, संस्थेची परवानगी हवी. उद्या काही झालं तर तुम्ही-मी कुठे तोंड दाखवणार?" मग थोडं थांबून, "आणि इतक्याशा मुलींसाठी कॅम्प कशाला? राहू दे ना यंदा."

मी वाद घातला. हात जोडले. खरंच जोडले, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर. त्या उठून माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला, पण नाहीच म्हणाल्या. कॅम्प रद्द.

संध्याकाळी भाजी निवडत बसले होते. आप्पा आता माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडलीय, कान गेलेत, पण भाजीत मीठ कमी पडलं तर वासावरून सांगतात. मी त्यांना सगळं सांगितलं, कानाशी ओरडून. रवींद्रचं, कॅम्पचं. शेवटी म्हणाले, "आप्पा, देसाई बाईंना जमलं ते मला नाही जमलं हो. तेव्हा बरं, नेमका आचारी पळाला."

आप्पांनी मेथीची काडी खाली ठेवली. "आचारी खय पळालेलो? तो दुसऱ्या दिसाक माझ्याच बाजूक कांदो चिरत बसलेलो."

त्या कांदे चिरणाऱ्याला आम्ही पोरी मदतनीस समजलो होतो. मी हसले. मग त्यांचा चेहरा बघून थांबले.

"त्या दिसाक मी घरातसून भायर पडलंय तो परत येवचा नाय असा ठरवनच," आप्पा म्हणाले. जणू कालच्या बाजाराबद्दल सांगावं तसं. "तुझी बाई सकाळी नाक्यार गावली. कॅम्पाची भाजी घेय होती. माझ्या तोंडाकडे बघल्यान आणि म्हणाली, मालवणकर, आचारी पळालोय, चेडवांका जेवण कोण घालतलो? आता काय करतलंय? म्हटलंय, ह्या चेडवांचा जेवण होवंदे आधी. मगे बघू."

"मग?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तो त्यांना कसा कळला, देव जाणे.

"मगे माका भूक लागली."

आईला हे माहीत नव्हतं. ती गेली तरी माहीत नव्हतं. मला, त्यांच्या मुलीला, पंचावन्नाव्या वर्षी भाजी निवडताना कळलं. आप्पांचं म्हणाल तर ते समोर बसले होते, मेथी निवडत होते. मला दिसत होती ती ग्रीलपाशी ठेवलेली खुर्ची. इस्त्रीचा शर्ट. अगदी खाली गेलेला आवाज.

"आप्पा, तो रवींद्र..."

"तो झील घराकडेच बसान आसा मां? उद्या माका त्येच्याकडे व्हर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाल्यावर मी आप्पांना रिक्षात घातलं. वाटेत मी मनात शब्द जुळवत होते, काय बोलायचं, कसं बोलायचं. आप्पा रस्त्यावरचे टॉवर बघत होते. "हयसर पेरूची बाग होती गो," एवढंच म्हणाले.

दार पुन्हा सानिकानेच उघडलं. आई रविवारीही कामावर. मॉलला रविवारची सुट्टी नसते. रवींद्र त्याच खुर्चीवर. आम्हांला बघून कपाळाला आठी पडली, पण म्हातारं माणूस बघून उठले. आप्पा धपकन पलंगावर बसले.

"गाव खयचो तुमचो?"

"वैभववाडीजवळ, आजोबा." मी ते आप्पांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं.

"म्हणजे आमच्याच वाटेर. किती दिस झाले काम सुटान?"

मी डोळे मिटले. असं कुणी विचारतं का? पण रवींद्रने सरळ उत्तर दिलं, "दिवाळीच्या आधी."

"माझी गिरण बंद पडली तेव्हा मी असोच बसलंय. भिंतीकडे तोंड करून." आप्पा थांबले. "भिंतीर काय नसता बाबा. मी बघलंय सगळी."

खालून पोरांच्या क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. मग आप्पा म्हणाले, "माका च्याय व्हयी. घरातली नको. टपरीवरची. ही माका पिऊक देणा नाय. लिफ्टीत माका घेरी येता, जिन्यान जावया. माका धरतलंस काय?"

येताना आप्पा लिफ्टने मजेत आले होते, वर आरशात टोपी नीट करत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. रवींद्रने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काठीवर रेललेला, ऐंशी उलटलेला माणूस हात पुढे करून उभा होता. त्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी चपला घातल्या, आप्पांचा दंड धरला आणि दोघं जिन्याकडे वळले. एकेक पायरी. आप्पांचं बोलणं घुमत खाली जात राहिलं.

शेवट आताच सांगते, म्हणजे कुणी भलती आशा धरू नये. आप्पांनी चमत्कार केला नाही. रवींद्रना मुंबईत पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं मी आणि सानिकाच्या आईने मिळून ठरवलं, नेलंही. गोळ्या चालू आहेत. मधला महिनाभर ते आमच्याकडे येऊन आप्पांशी पत्ते खेळत. मे महिन्यात सगळे गावी गेले. सानिका तालुक्याच्या शाळेत आहे. तिथे गाईड पथक नाही. माझंही बंद झालं. नायिकाच नाही तर पथक कसलं, असं शाळेत कुणीतरी हसत म्हणालं आणि विषय संपला. या डिसेंबरात माझ्या वर्गात बाकांवर जी मुलं बसलीत, त्यांच्यापैकी कुणाच्या घरी कोण भिंतीकडे तोंड करून बसलंय, हे मला माहीत नाही. विचारायला माझ्याकडे रांग नाही, शिट्टी नाही, नखं बघायचं निमित्त नाही. हजेरी मी मोबाईलवर घेते. सकाळच्या गार हवेत मैदानाच्या कडेला उभी राहते तेव्हा ओरडावंसं वाटतं, पण कुणावर ओरडू?

त्या रविवारी मात्र मी त्यांच्या घरात होते. जिन्यातला आवाज ऐकू येईनासा झाल्यावर सानिकाने दार लोटलं. कडी लावली नाही. कान देऊन उभी राहिली.

"बाई, आजोबा त्यांना एकटं नाही ना सोडणार?"

"नाही गं. ते कसले सोडतायत."

"नक्की ना?"

तिचा चष्मा आडवा-तिडवा बसला होता. डोळ्यांखाली काळं. मी सवयीने तिचा हात हातात घेतला. नखं कुरतडून पार मुळापर्यंत गेली होती.

"सानिका, शाळेत का येत नाहीस तू?"

तिने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "आई दुकानात असते. घरी कुणीतरी पाहिजे ना. बाबा एकटे नकोत." आणि मग एकदम, एका दमात, "आई दमून आली की लगेच झोपते, तिला जाग येत नाही. मी दाराला लागून अंथरूण घालते. बाबांना बाहेर जायचं असेल तर माझ्यावरून जावं लागेल. एकदा ते उठून आले होते. मी जागीच होते. म्हटलं, बाबा पाणी हवंय का? मग परत गेले."

चौदा वर्षांची पोर. दिवाळीपासून.

मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती मागे सरली. रडायला तिला वेळ नव्हता. घड्याळाकडे बघितलं तिने, दाराकडे बघितलं.

"बाई, तुम्ही आहात ना थोडा वेळ?"

"आहे."

"मग मी झोपू?"

मी मान हलवली. ती पलंगावर पडली, चष्मासुद्धा काढला नाही. मीच काढला. डोकं टेकताच श्वास जड झाला. दारामागे गुंडाळी करून ठेवलेलं अंथरूण होतं. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिले.

ते दोघं परत आले तेव्हा उन्हं कलली होती. दार ढकललं गेलं. रवींद्रने आप्पांना आधी आत घेतलं, मग स्वतः आले आणि पलंगाकडे बघून थबकले.

"ही अशी दुपारची कधी झोपत नाही," ते म्हणाले.

"रात्री झोपत नाही म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी जिथे बसले होते तिथे. मग दारामागच्या त्या गुंडाळीकडे. बराच वेळ ते त्या अंथरुणाकडेच बघत राहिले. भिंतीचा आधार घेत ते खाली बसले, लेकीच्या पायांशी, आणि तोंडावर हात धरून असे हमसून रडले की पलंग हलायला लागला.

आप्पा वाकले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू," म्हणाले. "चेडवाक उठवू नको."